चौकटीच्या खालच्या कडेला

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. तिच्यात चार रकाने आखलेले आहेत: चित्रपट, कितव्या मिनिटाला, रंग आणि काय करत होते. कोण करत होते हा रकाना नाही, कारण त्याचे उत्तर प्रत्येक ओळीत एकच आहे. जुन्या चित्रपटांत मुख्य पात्रे पुढे बोलत किंवा रडत असताना मागच्या ओसरीवरून, कौलांवरून किंवा जिन्याखालून जे मांजर आपल्या कामाला निघून जाते, त्याची ही नोंदवही आहे. आजमितीस तिच्यात २११ मांजरे जमा आहेत आणि त्यांपैकी एकालाही त्या चित्रपटात काम करण्यासाठी कोणी बोलावलेले नव्हते, निदान माझा तसा दावा आहे.

या सवयीचे मूळ माझ्या व्यवसायात आहे. मी ३१ वर्षे मुद्रितशोधन केले. त्यांतली पहिली काही वर्षे नारायण पेठेतल्या एका छापखान्यात गेली, जुळारी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत असत त्या काळात. मुद्रितशोधकाने पुस्तक वाचायचे नसते. तो गोष्टीत रमला की दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होऊन निसटते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि शुद्धिपत्रात आपले नाव छापले जात नसले तरी लाज आपल्यालाच वाटते. म्हणून नजर मजकुराच्या कडाकडांनी फिरवायची आणि जिथे लेखकाचे व जुळाऱ्याचे लक्ष नसेल तिथे मुद्दाम थांबायचे, अशी शिस्त मी लावून घेतली होती. ती शिस्त चित्रपटगृहात शिरताना दाराबाहेर काढून ठेवता आली नाही.

छापखान्यातही एक मनी होती. तिला कोणी पाळले नव्हते; कागदाची रिमे कुरतडणारे उंदीर होते म्हणून ती होती, आणि उंदरांच्या मानाने तिचे काम बेताचेच होते. एकदा ती शाईच्या पाटीवरून चालत गेली आणि एका गॅलीच्या प्रुफाच्या समासात तिची चार पावले स्वच्छ उमटली. मी सवयीने त्यांवर गाळण्याची खूण करून प्रूफ परत पाठवले. थोड्या वेळाने आमचा वयस्क जुळारी ते प्रूफ हातात धरून आला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बाई, हे मी जुळवलेले नाही, तेव्हा मला ते काढता यायचे नाही."

ह्यांचे चित्रपट बघणे वेगळ्या जातीचे आहे. हे चित्रपट मंडळाचे जुने सभासद. कॅमेरा कुठे ठेवला आहे, तो कधी हलला, उजेड कोणत्या बाजूने आला, हे ह्यांना दिसते, आणि घरी परतताना लॉ कॉलेज रस्त्यापासून पेठेपर्यंत ते सारे मला ऐकावे लागते. लग्नानंतर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात ह्यांच्या शेजारी बसून मी कितीतरी चित्रपट पाहिले. पैकी एका कृष्णधवल मराठी चित्रपटात नायिका सासरच्या ओटीवर बसून, पदर तोंडाशी धरून, आयुष्याचा निर्णय घेत असताना तिच्या मागच्या हौदाच्या काठावर एक मांजर आले, वाकून चार घोट पाणी प्यायले, पुढचा उजवा पाय भिजल्यामुळे तो झटकला आणि निघून गेले. मी ह्यांना कोपराने ढोसले. हे म्हणाले, "हो, सुंदर शॉट आहे." मी मांजराबद्दल विचारत होते, हे ह्यांना बाहेर आल्यावर कळले आणि मग रस्ताभर कोणीच बोलले नाही. चित्रपटाचे नाव मी सांगणार नाही, कारण ते एकदा कळले की तो रडण्याचा प्रसंग कोणालाही धडपणे बघता येणार नाही. वहीतली ती पहिली नोंद.

संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि ते ज्यांनी उभे केले, ते पी. के. नायर अंधारात टॉर्चच्या उजेडात वहीत नोंदी करत चित्रपट बघत असत, असे त्यांना पाहिलेली माणसे सांगतात. कोणत्या रिळात काय आहे, हे त्यांना वहीशिवायही आठवत असे. मी माझ्या वहीची तुलना त्यांच्या वहीशी करण्याचा आगाऊपणा करत नाही. त्यांच्या वहीत रिळांचा हिशेब होता, माझ्या वहीत शेपट्यांचा आहे. मात्र अंधारात न बघता लिहिल्यामुळे दोन ओळी एकमेकींवर चढतात, ही अडचण दोघांची सारखीच असणार.

मांजर चित्रपटात मागाहून घुसले, असे मला पूर्वी वाटत असे. वास्तविक ते चित्रपटाच्या आधीच तिथे येऊन बसले होते. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये पैसे घेऊन पहिला खेळ केला तो १८९५च्या डिसेंबरात, आणि मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांची चित्रे आली ती ७ जुलै १८९६ रोजी. पण त्याआधी, १८९४ मध्येच, फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञांनी उलटे सोडलेले मांजर हवेत वळून चार पायांवर कसे उतरते, त्याची क्रमवार छायाचित्रे घेतली होती आणि त्याच वर्षी अमेरिकेत एडिसनच्या स्टुडिओत दोन मांजरांना छोटे हातमोजे घालून मुष्टियुद्धाला उभे केले गेले होते. १९०३ मध्ये जॉर्ज अल्बर्ट स्मिथ या इंग्रज गृहस्थांनी आजारी पिल्लाला चमच्याने औषध पाजण्याचा लहानसा चित्रपट केला. त्यात पिल्लू नीट दिसावे म्हणून कॅमेरा एकदम जवळ नेला आहे आणि क्लोजअपच्या इतिहासात त्याचा उल्लेख हटकून येतो. एका मांजराचे तोंड दिसावे एवढ्यासाठी माणसांनी कॅमेरा उचलून पुढे आणला, हे मला फार समाधानकारक वाटते. परंतु ही सारी मांजरे बोलावलेली होती, म्हणून त्यांची नोंद माझ्या वहीत नाही.

बोलावलेले कोणते आणि आपणहून आलेले कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही आणि त्यावरून आमच्या घरात खरी भांडणे झाली आहेत. 'गॉडफादर'च्या सुरुवातीला मार्लन ब्रँडो यांच्या मांडीवर जे मांजर आहे, ते पटकथेत नव्हते. ते स्टुडिओत हिंडताना दिग्दर्शक कोपोला यांना दिसले आणि त्यांनी ते उचलून ब्रँडो यांच्या हातात दिले. मांजर इतके खूश झाले की त्याच्या गुरगुरण्यात संवाद बुडाले. ह्यांचे म्हणणे असे, की हे मांजर आपल्या पायांनी स्टुडिओत आलेले आहे, सबब ते वहीत गेले पाहिजे. माझे म्हणणे असे, की मांडीवर ठेवले त्या क्षणी ते नोकरीला लागले. पुण्यात कोणताही वाद तडजोडीने मिटत नाही, तसा हाही मिटलेला नाही.

माझ्या नियमाला आधार आहे तो एका कुत्र्याचा. 'पथेर पांचाली'त मिठाईवाल्याच्या मागे दुर्गा, तिच्या मागे अपू आणि शेवटी एक कुत्रा, अशी रांग जाते. तो कुत्रा किती सहज चालला आहे, असे प्रत्येकाला वाटते. सत्यजित राय यांनी लिहून ठेवले आहे, की तो काही केल्या मागे येईना, तेव्हा दुर्गेच्या हातात पाठीमागे संदेश ही मिठाई धरायला दिली. म्हणजे तो कुत्रा बिदागी घेऊन आला होता. मांजराला बिदागी देऊनही उपयोग होत नाही, हे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांनी १९७३च्या आपल्या चित्रपटात दाखवले आहे: चित्रीकरणाची सगळी मंडळी श्वास रोखून उभी, खाली दुधाची बशी, आणि पिल्लू बशी सोडून सगळीकडे जाते, शेवटी दुसरे मांजर आणावे लागते. डोळे मिटून दूध पिणारे मांजर आपल्या म्हणीत असते. कॅमेऱ्यापुढे ते डोळे उघडे ठेवून दुधाला नकार देते.

मग आपणहून आलेले मांजर ओळखायचे कसे? पुढच्या शॉटमध्ये ते जागेवर नसेल, तर ती चांगली खूण आहे. नटाचा पाय त्याच्यापाशी अर्ध्या क्षणासाठी अडखळला असेल, तर त्याहून चांगली. पण सगळ्यांत खात्रीची खूण कानांची आहे, आणि ती सापडायला मला बरीच वर्षे लागली. आपल्याकडच्या कितीतरी चित्रपटांचे बाहेरचे चित्रीकरण खडखड आवाज करणाऱ्या हलक्या कॅमेऱ्यांवर झाले. तिथला आवाज उपयोगाचाच नसे, म्हणून संवाद नंतर स्टुडिओत बसून नटांकडून पुन्हा म्हणवून घेत आणि त्यांवर पावलांचे, भांड्यांचे, पावसाचे आवाज चढवत. अशा चित्रपटात ऐकू येणारी प्रत्येक गोष्ट नंतरची असते. त्या दिवशी त्या अंगणात दिग्दर्शक काय ओरडला, कॅमेरा कसा घरघरत होता, कुंपणापलीकडच्या बघ्यांपैकी कोण हसले, यांतले काहीच उरलेले नसते. अशा दृश्यात नायक संथपणे बोलत असताना मागच्या भिंतीवरच्या मांजराचा एक कान झटकन उजवीकडे वळतो. पडद्यावर उजवीकडे काहीही नाही आणि ध्वनिपट्टीवरही काही नाही. मांजराचे दोन्ही कान एकमेकांपासून स्वतंत्रपणे वळतात आणि माणसाला ऐकू येत नाहीत असे कितीतरी उंच पट्टीचे आवाज त्याला ऐकू येतात. पुसून टाकलेल्या त्या दुपारच्या आवाजाचा उरलेला एवढाच पुरावा आहे. हे मी ह्यांना सांगितले, तेव्हा हे प्रथमच थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "परत लाव." आम्ही तो कान सात वेळा बघितला.

रंगाचा रकाना आखला तो मात्र चुकलाच, असे आता वाटते. मूकपटांच्या काळातली फिल्म बहुतेक करून ऑर्थोक्रोमॅटिक असे, म्हणजे तिला निळा उजेड फार चांगला दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. तांबडे ओठ तिच्यावर काळे पडत, म्हणून त्या काळी नटांची रंगभूषा चमत्कारिक करावी लागे. याच न्यायाने तांबूस-पिवळा बोका तिच्यावर चांगलाच काळवंडलेला उमटणार. मूकपटात काळे मांजर आडवे गेले, तर ते खरोखर काळे होते की आपल्या दारात येतो तसला पिवळा बोका होता, हे कसे सांगायचे? पुढे सर्व रंग सारख्या न्यायाने बघणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तरी करड्याच्या छटांतून कबरे मांजर आणि भुरे मांजर वेगळे काढणे हे अंदाजाचेच काम. तीन रंगांची मांजर बहुधा मादी असते आणि पिवळ्यांत बोके जास्त असतात, हे ज्ञान रंगीत चित्रपटात थोडा रुबाब करायला उपयोगी पडते. कृष्णधवलात ते निरुपयोगी आहे. सुरुवातीच्या नोंदींत मी 'काळे' असे ठामपणे लिहिले आहे. आता तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्हे घातली आहेत.

स्टुडिओत मांजरे का असत, याचे कारण छापखान्याहून वेगळे असण्याचे कारण नाही. सेट म्हणजे लाकूड, किंतान, कापड, त्यावर चिकटवलेला कागद, आणि चिकटवायला खळ किंवा सरस. ही सगळी उंदरांची मेजवानी. शिवाय दिव्यांची ऊब, नटांचे डबे आणि रात्री मोकळे पडलेले राजवाडे. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, तिने उभारलेल्या स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तिथली कुत्री आजही विद्यार्थ्यांइतकीच निर्धास्त वावरतात. एकदा एका कार्यक्रमासाठी तिथे गेले असता जुन्या स्टुडिओच्या भिंतीलगत एक करडी मांजर उन्हात पाय ताणून पडलेली दिसली. प्रभातच्या कोणत्या दरबारातून हिची पणजी फिरली असेल, असा विचार मनात आला, पण वंशावळ सिद्ध करता येत नसल्यामुळे मी तो तिथेच सोडला.

त्याच आवारात २००३ मध्ये फिल्मच्या कोठाराला आग लागली. जुनी नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्यालाही दाद देत नाही; जळायला लागणारा प्राणवायू ती आपल्या पोटातच बाळगून असते. मूकपटांचे तर त्याआधीच संपले होते. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट तयार झाले, त्यांतले मूठभर उरले. बोलपट आल्यावर कित्येक केवळ फिल्मवरच्या चांदीसाठी वितळवले गेले. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चारपैकी दोनच रिळे हाती लागतात. जे गेले त्यांच्या जाहिराती सापडतात, कथानके सापडतात, नटांची नावे सापडतात. मांजरांची नोंद कोणत्याच जाहिरातीत नसते, म्हणून किती गेली ते कळण्याचा मार्ग नाही.

स्टुडिओतल्या मांजरांपेक्षा वाड्यांतली मांजरे मला अधिक प्रिय आहेत, हे कबूल केले पाहिजे. मराठी चित्रपटवाले कॅमेरा घेऊन पेठांतल्या खऱ्या वाड्यांत आले, तेव्हा वाडा भाड्याने मिळाला आणि मांजर वाड्याबरोबर आले. मी सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात वाढले, तिथे ११ बिऱ्हाडे होती आणि सगळ्यांत मिळून एक मांजर होते. ते कोणाचेच नव्हते आणि प्रत्येक बिऱ्हाडाला ते आपल्याकडेच जेवते असे वाटत असे. सकाळी ते मधल्या चौकात, दुपारी वरच्या काकूंच्या गॅलरीत, संध्याकाळी मालकांच्या ओटीवर असे, आणि रात्री कौलांवरून त्याची जी भांडणे चालत त्यांत आमची माणसांची भांडणे झाकून जात. पडद्यावर असा वाडा दिसला की मी मांजर कुठून येणार ते आधीच हेरून ठेवते. ते जिन्यातून येत नाही, कारण जिन्यात माणसे असतात. ते हौदामागच्या फटीतून येते, तुळशीवृंदावनाला वळसा घालते आणि उन्हाची पट्टी जिथे संपते तिथे दोन पावले अलीकडे बसते. नट खुणेच्या जागी येऊन थांबतात, कारण त्यांना ती खडूने आखून दिलेली असते. मांजराची खूण उन्हाने आखलेली असते, आणि शॉट सकाळी घेतला की दुपारी, हे मी तिच्यावरून सांगू शकते. ह्यांना त्यासाठी सावल्यांचा अभ्यास करावा लागतो.

हल्लीच्या चित्रपटांसाठी मी वहीची शेवटची चार पाने ठेवली होती, त्यांतले पहिलेही भरलेले नाही. २००१च्या नियमांनुसार चित्रपटात प्राण्याकडून काम करून घ्यायचे, तर आधी परवानगी घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. पूर्वी घोड्यांना पायात दोऱ्या अडकवून पाडत असत, ते आठवले तर कोणीही या नियमाच्या बाजूने उभे राहील. पण मांजराकडे परवानगीचा कागद नसतो. मॉनिटरवर दहा माणसे तो शॉट तिथल्या तिथे बघत असतात, कोणाच्या तरी लक्षात येते, शॉट पुन्हा होतो किंवा मांजर संगणकावर पुसले जाते. आमच्या जुळाऱ्याला काढता येत नव्हते, ते आता सहज काढता येते.

जुन्या चित्रपटांत मात्र ती सुरक्षित आहेत, अशी माझी समजूत होती. सेकंदाला २४ चित्रे आणि फुटाला १६, या हिशेबाने दोन सेकंदांत चौकट ओलांडणारे मांजर तीन फूट फिल्म व्यापते, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत मोजले तर स्वतःपेक्षा थोडी जास्तच. तीन फूट फिल्म मजबूत गोष्ट आहे, असे मला वाटत असे. गेल्या पावसाळ्यात मुलाने भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला आणि ह्यांनी मोठ्या उत्साहाने तोच हौदाचा चित्रपट शोधून काढला. आम्ही चहा घेऊन बसलो. नायिका ओटीवर आली, पदर तोंडाशी गेला, मी बशी खाली ठेवली. मांजर आले नाही.

ह्यांनी दोनदा मागे नेऊन बघितले, मग उठून टेप आणली आणि पडदा मोजला. जुन्या बोलपटाची चौकट जवळजवळ चौकोनी असते, नव्या टीव्हीची लांबट. चित्र दोन्ही कडांपर्यंत भरलेले दिसावे म्हणून कोणीतरी ते ताणून न बसवता वरून-खालून कापले होते, आणि तसे केले की जवळपास चौथा हिस्सा जातो. माणसांची डोकी कापून चालत नाहीत, म्हणून जास्त कात्री खालून लागते. माणसांची डोकी वर असतात आणि मांजरे खाली. ह्यांचा संताप कॅमेऱ्याने साधलेल्या रचनेसाठी होता, माझा कशासाठी होता ते वेगळे सांगायला नको, पण आमचे एकमत झाल्याचा तो दुर्मीळ प्रसंग होता. नायिकेचा निर्णय घेऊन झाला. आणि चित्र बदलण्याच्या अगदी आधी पडद्याच्या खालच्या कडेवर, हौदाचा काठ जिथे असायला हवा होता तिथे, काहीतरी बोटभर वर आले, हलले आणि गेले. शेपटीचे टोक होते.

मी वही काढली. ही जुनीच नोंद, की नवी धरायची, यावर थोडी चर्चा झाली आणि ह्यांच्या आग्रहावरून नवी ओळ घातली. 'काय करत होते' या रकान्यात 'जात होते' असे लिहिले. रंगाच्या रकान्यापाशी हात थांबला, तेव्हा हे म्हणाले, "काळे लिही, स्पष्ट दिसले." टोकावरून मांजराचा रंग ठरवणारे हे कोण, असे मी विचारले, आणि तो रकाना अजून रिकामा आहे.